आजींची नजर: मिश्र माध्यमातल्या एका व्यक्तिचित्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

माझी एक जुनी विद्यार्थिनी नागपुरात व्यक्तिचित्रांची कामं घेते. ॲक्रिलिक, चारकोल, सॉफ्ट पेस्टल आणि त्याच्या जोडीला कागद-कापडाचं कोलाज, अशी तिची पद्धत. मार्च महिन्यात इतवारीकडच्या एका जुन्या विणकर घराने तिला काम दिलं. घरातल्या आजींनी ऐंशी ओलांडली होती. मे महिन्यात सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम ठरला होता आणि त्या दिवशी आल्यागेल्या सगळ्यांना दिसेल असं आजींचं मोठं चित्र मुलांना हवं होतं. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून घरगुती तपशील थोडे बदलले आहेत.

घरात आता माग नाही. पण आजींची उमेदीची वर्षं कांड्या भरण्यात आणि तुटलेली सुतं सांधण्यात गेली. "आमच्या घरचं काही तरी चित्रात असू द्या मॅडम," असं थोरल्या मुलाने सांगितलं आणि सोबत दोन फाटक्या नऊवारी लुगड्यांचे काठ आणि जुन्या हिशेबाच्या वहीची सुटी पानं दिली. मिश्र माध्यमात काम करणाऱ्याला याहून चांगलं साहित्य मिळत नाही. तिने २४ × ३० इंचांची प्लाय घेतली, जेसोचे, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या अस्तराचे, थर देऊन घासून घेतली, पार्श्वभूमीला वहीची पानं लावली, लुगड्याचा खरा काठ पदर म्हणून डोक्यावरून खांद्यावर आणला आणि चेहरा ॲक्रिलिकमध्ये उभा केला. चेहरा प्रत्यक्षाहून थोडा मोठा होता.

संदर्भासाठी दोन फोटो मिळाले. एक कुठल्याशा लग्नाच्या अल्बममधला, त्यात आजींचा चेहरा थोडा उजवीकडे वळलेला. दुसरा नातवाने मोबाइलवर मुद्दाम काढून पाठवलेला, समोरून, फ्लॅश लावून. तिने डोक्याचा घाट पहिल्या फोटोवरून घेतला. डोळ्यांसाठी दुसरा फोटो वापरला, कारण त्यात डोळे जास्त स्पष्ट होते. प्रकरणाची गाठ इथेच बसली होती.

काम कुठे अडलं

डोळे हुबेहूब यावेत म्हणून तिने मोबाइलच्या फोटोतला डोळ्यांचा भाग सीताबर्डीवरून रंगीत लेझर प्रिंट करून आणला, ॲक्रिलिक जेलने प्लायवर उतरवला आणि त्यावर रंगीत पेन्सिल, बारीक ब्रश आणि पांढऱ्या जेल पेनने काम केलं. बुबुळातल्या रेषा एकेक काढल्या. पापण्यांचे केस एकेक काढले. डोळे "बोलके" व्हावेत म्हणून बुबुळं किंचित मोठी केली. तांत्रिक सफाईने पाहिलं तर काम उत्तम होतं.

एप्रिलच्या मध्यात घरची मंडळी चित्र पाहायला आली. थोरला मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "आई रागावल्यासारखी पाहून राहिली." सून म्हणाली, "मला तर घाबरल्यासारख्या वाटतात." नात म्हणाली, "आजी कुठे पाहून राहिली, तेच समजत नाही आहे." पदर सगळ्यांना आवडला. वहीची पानं आवडली. हनुवटी, ओठ, कपाळावरचं गोंदण यांवर कुणाचीच हरकत नव्हती. पण हे डोळे आईचे नाहीत, यावर तिघांचंही एकमत होतं.

अशा वेळी चित्रकाराला वाटतं की गिऱ्हाईकाला नेमकं काय हवं तेच ठाऊक नाही. एक राग म्हणतो, दुसरी भीती म्हणते, आता दुरुस्त करायचं काय? तिनेही मला फोनवर हेच विचारलं. मी तिला म्हटलं, तिघांची वाक्यं जशीच्या तशी लिहून काढ, चित्राच्या शेजारी टाचून ठेव आणि मी येईपर्यंत ब्रश लावू नकोस. घरच्या माणसाला चित्रकलेची भाषा येत नसेल, पण पन्नास वर्षं समोर पाहिलेला चेहरा त्याला चुकत नाही. त्याला जे खटकतं ते खरं असतं. त्याचं कारण चित्रात शोधणं हे आपलं काम.

डोळ्यांत नेमकं काय होतं

कारणं सापडायला फार वेळ लागला नाही, कारण मूळ फोटोच शेजारी ठेवला होता. आजी खुर्चीवर बसलेल्या, नातू उभा, मोबाइल त्यांच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आणि थोडा वर. आजींनी मान तशीच ठेवून नुसते डोळे वर केले होते. असं झालं की बुबुळ वरच्या पापणीखाली सरकतं आणि त्याच्या खालच्या बाजूला पांढऱ्याची एक फट उघडी पडते. शांत नजरेत बुबुळाचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग पापणीखाली झाकलेला असतो आणि खालची कड खालच्या पापणीला जवळजवळ टेकलेली असते. खाली पांढरं दिसू लागलं की पाहणाऱ्याला काही तरी बिनसल्याचं जाणवतं. वर भुवई खाली ओढलेली असेल तर तो राग वाटतो, उचललेली असेल तर भीती. चित्रातली एक भुवई कपाळाच्या सुरकुत्यांमुळे वर गेली होती आणि दुसरी खाली होती. मुलाने एक डोळा वाचला, सुनेने दुसरा.

नातीची तक्रार वेगळ्या कारणाची होती. नाक आणि गाल वळलेल्या चेहऱ्याचे, डोळे मात्र सरळ समोर पाहणाऱ्या फोटोतले. विल्यम वोलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये यावर एक निबंध वाचकांपुढे ठेवला होता. त्याने तीच डोळ्यांची जोडी वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या नाक-चेहऱ्यांत बसवून दाखवली आणि नजर दर वेळी वेगळीकडे गेल्यासारखी दिसली. नजरेची दिशा आपण नुसत्या बुबुळावरून ठरवत नाही, डोकं कुठे वळलंय याच्याशी ताडून ठरवतो. इथे दोन्ही दोन दिशांना ओढत होते. त्यात मोबाइल हातभर अंतरावर असल्याने दोन्ही बुबुळं जवळच्या वस्तूकडे पाहताना वळतात तशी नाकाकडे वळलेली होती. दहा फुटांवरून चित्र पाहणाऱ्याला ती जवळची नजर कुठेच पोचताना दिसत नव्हती.

आणखी तीन गोष्टी होत्या. फ्लॅशमुळे दोन्ही बाहुल्यांच्या मधोमध एकसारखा पांढरा ठिपका आला होता, तर चेहऱ्यावरचा प्रकाश डावीकडून रंगवलेला होता. बुबुळं मोठी केल्यामुळे डोळे खेळण्यातल्या बाहुलीचे झाले होते. मोठ्या माणसाचं नेत्रगोल साधारण २४ मिलिमीटरचं आणि बुबुळ १२ मिलिमीटरच्या आसपास असतं, आणि माणसामाणसांत ते फारसं बदलत नाही. त्यामुळे इथला थोडासा फरकही डोळ्याला लगेच कळतो. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. आजींच्या बुबुळाच्या कडेने करडी-निळसर कडी आहे. उतारवयात अनेकांना अशी कडी येते. डोळ्याच्या पारदर्शक पडद्याच्या कडेला स्निग्ध द्रव्य साचून ती तयार होते. फोटोत ती दिसत होती, पण प्रिंटचा दोष समजून तिने ती पुसली होती आणि जागी काळी, रेखीव कड काढली होती. काळी कड तरुण डोळ्याची असते. म्हाताऱ्या डोळ्यात बुबुळ आणि पांढऱ्याची हद्द विरघळलेली असते, आणि आजींच्या नजरेतला मऊपणा तिथून येत होता.

समोरचे पर्याय

कार्यक्रमाला तीन आठवडे होते. आम्ही बसून जे पर्याय चाळले ते असे.

त्याच फोटोवरून डोळे पुन्हा करणं सगळ्यांत सोपं होतं. बुबुळं लहान करायची, ठिपके सरकवायचे, कडी परत आणायची. पण खालची फट आणि नजरेची दिशा फोटोतच होती, ती दुरुस्त करायची तर अंदाजाने करावी लागणार. अंदाजाने काढलेला डोळा कुणाचाही होतो.

दुसरा पर्याय होता डोळे खाली झुकवण्याचा. आजी हातातल्या सुताकडे पाहताहेत असं दाखवलं की बुबुळांचा प्रश्नच उरत नाही. हा मला मनापासून मोहात पाडणारा पर्याय होता. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहा. बुबुळं जेमतेम दिसतात, सगळी करुणा खाली उतरलेल्या पापण्यांच्या वळणात आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्र या चित्रकलेवरच्या भागातही डोळ्यांचे आकार धनुष्य, माशाचं पोट, कमळाची पाकळी असे सांगितले आहेत आणि एकेका आकाराशी एकेक भाव जोडला आहे. म्हणजे तिथेही भाव पापण्यांच्या घेरातून मोजलाय. पण मुलांना समारंभात आई सगळ्यांकडे पाहताना हवी होती. झुकलेली नजर तिथे शोकाचं चित्र वाटली असती, ही भीतीही रास्त होती.

पदराची सावली आणून एक डोळा अंधारात ठेवायचा, हा तिसरा विचार आम्ही लगेच सोडला. चित्र देखणं झालं असतं, पण अडचण लपवण्यासाठी काढलेली सावली ओळखू येते. आगाऊ घेतलेली अर्धी रक्कम परत करून काम सोडण्याचंही तिने बोलून दाखवलं. राहिला तो घरी जाऊन आजींना समोर बसवण्याचा मार्ग. आजी आहेत, बोलतात, पाहतात. मग त्यांच्या डोळ्यांसाठी फोटोच्या मागे का लागायचं, असं मी तिला विचारलं. तिला संकोच वाटत होता तो वेगळ्याच गोष्टीचा. काम अर्धं झाल्यावर "आता बसायला या" म्हणणं म्हणजे आपल्याला जमलं नाही हे कबूल करणं, असं तिला वाटत होतं. घरच्यांनी मात्र फोनवर एका वाक्यात होकार दिला.

आजींसमोर

एप्रिलअखेरचं नागपूर, म्हणून सकाळी आठाच्या आत जायचं ठरलं. घराच्या समोरच्या खोलीत डाव्या हाताच्या खिडकीतून सरळ उजेड येत होता. आजींना खिडकीपासून चार फुटांवर बसवलं आणि ती सहा-सात फुटांवर बसली, म्हणजे चित्र जिथून पाहिलं जाणार साधारण त्या अंतरावर.

पहिला पाऊण तास वाया गेला. "स्थिर बसा" म्हटल्यावर आजी पुतळ्यासारख्या बसल्या आणि डोळ्यांतलं जे काही हलत होतं ते सगळं थांबलं. मग नातीने रिळाचा गुंता त्यांच्या मांडीवर टाकला आणि "आजी, हे सोडवून दे ना" म्हणाली. आजींचे हात लागले आणि डोळे बदलले. सूत पाहताना त्या डोळे बारीक करतात. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डावा राहिलाय, म्हणून डावा जास्त मिटतो. कुणी हाक मारली की मान खालीच ठेवून नजर वर उचलतात, आणि ती नजर उचलताना गाल वर येतात. मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, "हे! असं पाहते आई."

तिने डोळे काढले नाहीत. कागदामागून कागद घेत चारकोलने फक्त वरच्या पापणीची एक रेघ, खालच्या पापणीची एक रेघ आणि भुवईचं वजन एवढंच टिपत गेली. मोबाइलवर तेवढ्याच अंतरावरून, झूम करून, फ्लॅशशिवाय एक व्हिडिओ घेतला. त्या रेघांच्या कागदांनी पुढचं काम तारलं. व्हिडिओतल्या शेकडो चित्रांतून कोणता क्षण घ्यायचा हे त्या कागदांवरून ठरलं.

खालच्या पापणीचा निर्णय

इथे खरा पेच होता. घरच्यांना हवी असलेली नजर म्हणजे मान खाली, डोळे वर. फोटोतही नेमकं हेच होतं आणि त्याच नजरेला मुलगा राग म्हणाला होता. मग फरक कुठे?

आम्ही व्हिडिओ थांबवून आणि चारकोलच्या रेघा शेजारी ठेवून पाहिलं. बुबुळ तसंच वर गेलेलं, पण खालची पापणी उचललेली. ती फट पापणीने झाकून टाकलेली. खालच्या पापणीची रेघ फोटोत पन्हाळीसारखी खाली झुकलेली होती, इथे ती जवळजवळ सरळ आणि बाहेरच्या कोपऱ्याकडे किंचित वर. तिच्या खाली गालाची एक घडी. डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आवळला की हे होतं. फ्रेंच वैद्य दुशेन यांनी १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवर पुस्तक काढलं, त्यात खऱ्या आनंदाचं हसू या स्नायूशिवाय होत नाही, नुसते ओठ ताणून ते साधत नाही, असं दाखवलं. आजींचे ओठ चित्रात बंद आहेत आणि तसेच ठेवायचे होते. सगळं हसू खालच्या पापणीवर पेलायचं होतं.

बोलक्या डोळ्यांसाठी चित्रकार वेळ घालवतो तो बुबुळात. त्यातल्या रेषा, रंग, चमक. या चित्रात बुबुळावरचं काम आधीच्या दशांशही राहिलं नाही आणि जे काही बोलायचं ते दोन-तीन मिलिमीटरच्या पापणीने बोललं. डोळा रंगवायला घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता आधी खालची पापणी काढायला सांगतो.

दोन डोळे सारखे करायचे की वेगळे, हा त्याला लागून आलेला प्रश्न. नागपुरातल्या मूर्तिकारांच्या चितारओळीत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या एका बुजुर्ग कारागिरांना आम्ही भेटलो. दोन्ही बुबुळं ते एकाच बैठकीत, एकापाठोपाठ टाकतात. एक डोळा पूर्ण करून मग दुसरा घेतला तर नजर फुटते, असं त्यांनी सांगितलं, आणि मूर्ती ज्या उंचीवर बसणार त्या उंचीवर ठेवूनच ते डोळे आखतात. या दोन्ही गोष्टी तिने उचलल्या. पण देवाच्या डोळ्यांची समानता माणसाला लावता येत नाही. आजींचा डावा डोळा उजव्याहून बारीक आहे, त्यावरची पापणी जास्त खाली आहे, आणि हा फरक ठेवायचाच असं ठरलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात कृत्रिम भिंगामुळे कधी कधी एक जादा चमक दिसते, ती मात्र मुलाच्या इच्छेने वगळली. मला ती चमक हवी होती. पण चित्र त्यांच्या घरी राहणार होतं आणि हा निर्णय त्यांचाच होता.

कोणतं माध्यम कुठे थांबवायचं

जुने डोळे घासून काढावे लागले. प्रिंटच्या थरावर नवा थर चढवला असता तर ती जागा उंच राहिली असती आणि तिरक्या उजेडात चौकोन दिसला असता. बारीक वॉटरपेपरने प्रिंट उतरवून, जेसोचा पातळ हात देऊन पुन्हा गुळगुळीत जमीन केली.

मिश्र माध्यमाचं चित्र बिघडतं ते बहुतेकदा माध्यमं एकमेकांच्या आवाजावर चढल्याने. इथे लुगड्याचा जरीकाठ डाव्या कानशिलाजवळून जात होता. जर प्रकाशाबरोबर चमकते, पाहणारा हलला की हलते, आणि डोळ्यापासून दोन बोटांवर असं काही असेल तर नजर तिकडेच जाणार. काठ काढायचा नव्हता. तिने चेहऱ्यालगतच्या काठावर रॉ अंबरचा पातळ झिरझिरीत थर देऊन तो विझवला आणि खांद्याजवळ मूळ चमकीत सोडला.

डोळ्यांच्या खोबणीत कोणतं कोलाज येऊ द्यायचं, यावर आमचा थोडा वाद झाला. माझं म्हणणं, काहीच नको. तिने पतंगाचा पांढरा कागद सुचवला. नागपुरात संक्रांतीला तो ढिगाने मिळतो. रंगीत कागदाचा रंग ओलाव्याने उतरतो, पांढऱ्याला ती भीती नाही. तिने तो चुरगाळून मॅट मीडियमने डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानशिलाकडे आणि खालच्या पापणीखालून गालावर असा चिकटवला की त्याच्या चुण्या स्नायू आवळतो त्याच दिशेने पडल्या. त्यावर ॲक्रिलिकचा पातळ थर दिला आणि तो वाळल्यावर सॉफ्ट पेस्टल आडवा धरून फिरवला. चुण्यांचे माथे उजळले, घड्या गडद राहिल्या. रंगवून असं कातडं येत नाही. वादात तिचं म्हणणं बरोबर ठरलं.

डोळ्याच्या आत मात्र एकच माध्यम ठेवलं, ॲक्रिलिक. पांढऱ्यासाठी टायटॅनियम व्हाइटमध्ये रॉ अंबर आणि कणभर अल्ट्रामरीन. काळ्या कागदाला दोन भोकं पाडून एकातून डोळ्याचं पांढरं आणि दुसऱ्यातून गालाचा उजळ भाग पाहिला, तर गाल जास्त उजळ होता. पहिल्या चित्रात उलट होतं, म्हणूनही डोळे वटारलेले वाटत होते. वरच्या पापणीची सावली नेत्रगोलाच्या वरच्या तिसऱ्या भागावर, पांढरं आणि बुबुळ दोन्हींवरून सलग नेली. ही सावली नसेल तर डोळा पापणीच्या पुढे आल्यासारखा दिसतो. बुबुळ बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनचं, कड ओल्यातच मऊ केलेली, तिच्या आतून निळसर करडी कडी. ती सलग गोल न काढता वर आणि खाली ठळक, बाजूंना जवळजवळ नाहीशी, जशी खऱ्या डोळ्यात होती. हायलाइट, म्हणजे डोळ्यातल्या चमकीचा ठिपका, डावीकडे वर आला. प्रकाश डोळ्यात शिरून बुबुळाची विरुद्ध बाजू उजळतो, म्हणून उजवीकडे खाली एक ऊबदार तपकिरी हात दिला. बाहुल्या लहान ठेवल्या, कारण वयाने त्या लहान होतात आणि खिडकीचा उजेडही होता. पापण्यांचे केस काढलेच नाहीत. वरच्या पापणीच्या कडेची जाडी गडद केली आणि खालच्या पापणीची ओलसर कड एका फिक्या रेघेने दाखवली, तीही मध्ये तुटलेली.

मे महिन्यात हे काम वेगाने करता येत नाही आणि सावकाशही करता येत नाही. पारा ४५ अंशांकडे गेला की पातळ ॲक्रिलिक पाहता पाहता वाळतं आणि मऊ कड साधायला हाताशी वेळ उरत नाही. तिने पहाटे काम केलं, रंग ओल्या पॅलेटवर ठेवला आणि बुबुळाच्या मिश्रणात रिटार्डरचे, म्हणजे रंग सावकाश वाळू देणाऱ्या द्रवाचे, थेंब घातले.

ऐनवेळी झालेला घोळ

पेस्टलवर फिक्सेटिव्ह, म्हणजे त्याची भुकटी धरून ठेवणारा फवारा, मारायच्या दिवशी खोलीत कूलर चालू होता. कूलरची हवा दमट. फवाऱ्यानंतर गालांवर पांढुरकी धूसर झाक बसली. कूलर बंद करून, खोली कोरडी होऊ देऊन दुपारी दुसरा अगदी हलका फवारा दिला तेव्हा ती बरीचशी निघाली. फिक्सेटिव्हने पेस्टलचे उजळ भाग दबतात हे तिला ठाऊक होतं, म्हणून शेवटचे उजेड तिने मुद्दाम फवाऱ्यानंतर ॲक्रिलिकने टाकले. दोन्ही डोळ्यांतले हायलाइट सगळ्यांत शेवटी, चित्र भिंतीवर लावण्याच्या उंचीला उभं करून, लागोपाठ दिले. डाव्या, बारीक डोळ्यातला उजव्याहून लहान आणि थोडा मंद.

अखेरीस सगळं चित्र मॅट ठेवून फक्त नेत्रगोलांवर ग्लॉस मीडियमचा एक पातळ थर दिला, ओलावा वाटावा म्हणून.

निकाल

चित्र कार्यक्रमाच्या चार दिवस आधी पोचलं. मुलगा पाहताक्षणी "आता आई झाली" म्हणाला. सुनेने काही न बोलता हात जोडले. अमरावतीहून आलेल्या मुलीला आई फार म्हातारी दाखवलीय असं वाटलं आणि ते तिने स्पष्ट सांगितलं. बुबुळाची निळसर कडी तिला नको होती. आजींनी स्वतः चष्मा लावून आधी काठ पाहिला, बोट फिरवून तो कोणत्या लुगड्याचा ते सांगितलं आणि मग चेहऱ्याकडे पाहून "बरी दिसून राहिली मी" एवढंच म्हटलं.

कार्यक्रमाच्या हॉलमध्ये एक अडचण उघडी पडली. स्टेजवरचे दिवे वरून आणि उजवीकडून होते. डोळ्यांवरचा ग्लॉस त्या प्रकाशात चमकला आणि उजव्या डोळ्यात रंगवलेल्या हायलाइटच्या शेजारी दुसरा, खरा उजेड दिसू लागला. उजवीकडे बसलेल्यांना नजर थोडी फाकलेली दिसली असणार. घरी, खिडकीच्या उजेडात, असं होत नाही. पुढे तिने घरी जाऊन त्या थरावर सॅटिन मीडियम देऊन चमक निम्म्यावर आणली. पेस्टल असल्याने चित्र काचेत, पण काच चित्राला टेकणार नाही अशी पट्टी देऊन मढवलं.

पुन्हा करायचं झालं तर

ती आता काम घेतानाच एक गोष्ट विचारते: "त्या कशा पाहतात, ते सांगा." दिसतात कशा हे फोटोत कळतं. पाहतात कशा हे घरच्यांनाच सांगता येतं, आणि ते ऐकून मग कोणता फोटो घ्यायचा ते ठरतं. माणूस हयात असेल तर एक बैठक रेखाटनाआधी होते. माणूस गेलेला असेल तर वेगवेगळ्या वेळचे, लांबून काढलेले, फ्लॅश नसलेले फोटो मागायचे, आणि डोकं एका फोटोचं, डोळे दुसऱ्याचे असं जोडायचं नाही. जोडावंच लागलं तर दोन्हींत डोकं एकाच दिशेला वळलेलं हवं.

घरच्यांना चित्र दाखवण्याची वेळही तिने बदलली आहे. पूर्वी सगळं रंगवून झाल्यावर दाखवत असे, आता डोळे नुसत्या चारकोलमध्ये, पापण्यांच्या रेघा आणि सावल्या एवढेच असताना दाखवते. त्या टप्प्यावर बदल म्हणजे कापडाने पुसणं. लेझर प्रिंट उतरवून, घासून, पुन्हा जमीन तयार करण्यात तिचे जे दिवस आणि साहित्य गेलं त्याचे पैसे कुणी दिले नाहीत, मागायला तसं काही ठरलेलंही नव्हतं. आता कच्च्या टप्प्यावर घरच्यांची मान्यता आणि त्यानंतरच्या बदलांचा वेगळा दर, हे ती कागदावर लिहून घेते.

अमरावतीच्या मुलीचा मुद्दा मला अजून सुटलेला वाटत नाही. कडी काढून टाकावी असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही, पण ती किती ठळक ठेवायची यावर सगळ्या मुलांना आधी बोलावून विचारता आलं असतं. काम देणारा एक असतो, पण आई सगळ्यांची असते, आणि डोळ्यांविषयी प्रत्येकाची आठवण वेगळ्या वयात थांबलेली असते. लांब राहणाऱ्या मुलीला शेवटचं जवळून पाहिलेलं आठवत होतं ते कडी येण्याआधीचं.

एक चिंता वहीच्या पानांची आहे. जुना स्वस्त कागद काळाबरोबर पिवळा आणि ठिसूळ होतो. तिने पानं दोन्ही बाजूंनी ॲक्रिलिक मीडियमने बंद केली आहेत, पण कागदातली आम्लता त्याने जात नाही, फक्त हवेचा आणि ओलाव्याचा संबंध कमी होतो. पुढच्या कामात ती मूळ पानांऐवजी त्यांच्या आम्लमुक्त कागदावर काढलेल्या प्रती लावणार आहे. या चित्राची मात्र पावसाळ्यानंतर काच उघडून एकदा तपासणी करायची आणि पानांच्या कडा सुटल्या असतील तर त्या वेळीच बसवायच्या, असं घरच्यांशी ठरलं आहे.